दीड वाजताची ओळ

मे महिन्यात वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत रात्री दहानंतरही भिंतीला हात लावला तर चटका बसतो, म्हणून अण्णाजींच्या घरची मंडळी गच्चीवरच झोपतात. अण्णाजी निवृत्त शिक्षक. त्या रात्री त्यांच्या दोन्ही बाजूंना नातवंडं पडली होती, ऋग्वेद आणि सुरभी. ऋग्वेद नागपूरला कॉम्प्युटर शिकतो. तो सुरभीला सांगत होता की त्याने कॉलेजच्या सर्व्हरवर एक काम लावून ठेवलंय. रोज पहाटे तीनला ते आपोआप चालतं, आपण गाढ झोपलेलो असलो तरी.

अण्णाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लावलं ते ठीक आहे. पण थांबवलेलं परत सुरू केलं का नाई, ते पाहत जाय."

"म्हणजे काय, आजोबा?"

"इथं गच्चीवरच्या खोलीत धनंजय राहत होता, आठवते? रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळायचा. खोली सोडून गेला, त्याच्या आदल्या रात्री इथं बसून त्यानं मले सगळं सांगतलं. कोणती रक्तपेढी ते विचारू नका, मी सांगणार नाई. पण जे सांगतो ते झालं आहे."

सुरभी थोडी जवळ सरकली. आणि अण्णाजींनी सांगितलं ते असं.

दोन हजार पंचवीस साल. जानेवारीची सत्तावीस तारीख, सोमवार. संध्याकाळी पाचच्या सुमाराला धनंजय मोटरसायकलवर जवळच्या आंजी गावाला निघाला. हँडलला पिशवी अडकवलेली. पिशवीत शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र. आदल्या दिवशी, सव्वीस जानेवारीला, रक्तपेढीने रक्तदात्यांचा सत्कार ठेवला होता. आंजीच्या देवकाबाई उरकुडेंनाही बोलावणं होतं. त्या आल्या नाहीत. म्हणून पेढीचे डॉक्टर धनंजयला म्हणाले, "तू जाऊन घरी देऊन ये." दुसऱ्या कोणाला पाठवा, असं धनंजयला म्हणता आलं असतं. पण का, म्हणून विचारलं असतं तर काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही.

मानपत्र देवकाबाईंच्या मुलाच्या नावाचं होतं. चंदन उरकुडे. सव्वीस वर्षांचा, एकुलता एक, रक्तगट ओ निगेटिव्ह. सहा वेळा रक्त दिलेला. वर्षभरापूर्वी, चोवीस जानेवारीच्या पहाटे, रक्तपेढीचा फोन आला म्हणून तो वर्ध्याला निघाला होता. वाटेत रस्त्याच्या कडेला कापसाने भरलेली ट्रॉली उभी होती. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. चंदन तिच्यावर आदळला आणि जागीच गेला.

धनंजय पोचला तेव्हा देवकाबाई अंगणात वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा गोळा करत होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा केला. मानपत्र हातात घेतलं, चंदनचा फोटो पाहिला आणि ते परत त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे नको बाबू. हे ज्यानं रक्त देल्लं त्याले असते. माहा पोरगा पोचलाच नाई."

"काकू, तो निघाला होता ना. तेच मोठं आहे."

"उशिरा निघाला." त्या खाली बसल्या. "कोणत्या तोंडानं येऊ मी तुमच्या कार्यक्रमाले? लोकं टाळ्या वाजवतीन न मले वाटंल, यायले खरं माहीत नाई."

धनंजयने कप तोंडाला लावला.

"एक विचारू? रागावजो नको."

"विचारा."

"तुमच्या कागदावर अकराचं लिवलं आहे. अकरा वाजता फोन केल्ता म्हणून. पोलिसाइनं वाचून दाखवलं. पण अकराले मी जागीच होती. इथंच बसून शेंगा सोलून राह्यली होती. त्याचा मोबाईल त्या खिळ्यापाशी चार्जिंगले होता. मले काऊन नाई आइकू आला?"

आता बोलायची वेळ होती. अंगणात तिसरं कोणी नव्हतं. धनंजय म्हणाला, "कधी कधी रेंज नसते, काकू."

"तसंच असंल." त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं. "मी एकच आइकला. मांगून रात्री वाजला तो. त्या एकाच फोनवर पोरगा उठला. तोंड धुतलं, जर्किन घातलं. मी म्हटलं थंडी आहे, चा मांडते. नको म्हणे, आई, कोणीतरी वाट पाहून राह्यलं. तेवढं बोलला न गेला." त्या थांबल्या. "पण भैयाजी म्हणते, झोपून राह्यला असंल. बाजूलेच राहते, माहे जेठ, पोराचे मोठे बाबा. गावात बी तेच म्हणते सारे. अकराचं बलावणं न दीडले उठला. मले तर आता माह्या कानावरच भरोसा नाई राह्यला."

मग हळूच विचारलं, "ते पेशंट वाचलं का बाबू?"

"वाचलं."

"कोणी देल्लं मंग?"

"दुसरा दाता मिळाला."

"बरं झालं. नाई तर माह्या पोराच्या नावानं गेलं असतं."

धनंजय शाल, नारळ, मानपत्र सगळं परत घेऊन निघाला. ट्रॉली उभी होती त्या जागेवरून जाताना त्याने मान दुसरीकडे वळवली. मागचं वर्षभर तो त्या रस्त्याने आलाच नव्हता.

आता खरं काय ते ऐका.

रक्तपेढीच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या दात्यांची यादी होती. नाव, गाव, रक्तगट, फोन. रुग्णांच्या मागण्याही तिथेच. रात्री कोणाला दुर्मीळ रक्त लागलं की टेक्निशियन मागणी नोंदवायची, आणि पुढचं सगळं कॉम्प्युटर आपलं आपण करायचा. धनंजयनेच ते बसवलं होतं. मशीनच्या आत एक साधी फाईल असते. तिच्यात एकेक ओळ लिहायची: कितव्या मिनिटाला, किती वाजता, कोणत्या दिवशी, आणि काय करायचं. घड्याळ त्या मिनिटावर आलं की मशीन ती ओळ पाळतं. कोणी जागं राहायला नको, कोणी बटण दाबायला नको.

धनंजयच्या त्या फाईलमध्ये दोन ओळी मुख्य होत्या. एक दर अर्ध्या तासाला चालायची. मागणी उघडी दिसली की त्या गटाच्या दात्यांना फोन लावायची, आधी शहरातल्या, मग बाहेरच्या, मग अजून दूरच्या. फोनवर भरून ठेवलेला आवाज सांगायचा, येत असाल तर एक दाबा, जमत नसेल तर दोन दाबा. दुसरी ओळ तिच्या पाच मिनिटं आधी चालायची आणि ज्या मागण्या भागल्या त्या यादीतून काढून टाकायची. एखादी ओळ तात्पुरती बंद ठेवायची तर पुसावी लागत नाही. तिच्या सुरुवातीला हॅशचं एक चिन्ह टाकायचं. मशीन ती ओळ सोडून पुढे जातं.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीतली तेवीस तारीख, मंगळवार. दुपारी महिन्याचा अहवाल काढताना ती दुसरी ओळ मध्येच चालू व्हायची आणि अहवाल अडकायचा. धनंजयने तिच्यापुढे हॅश टाकला. अहवाल निघाला. साडेसहाला तो घरी आला.

रात्री नऊला जेवताना त्याला आठवलं.

हे त्याने अण्णाजींना दोनदा सांगितलं. "आठवलं होतं मला, अण्णाजी. विसरलो असतो तर वेगळं होतं." लॅपटॉप पिशवीत होता, पिशवी खुंटीला होती. दोन मिनिटांचं काम. टीव्हीवर सिनेमा लागला होता, हात जेवणाचा होता. सकाळी काढू, असं तो स्वतःशी म्हणाला आणि भात वाढून घेतला.

त्या रात्री अकराला एका बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्हची मागणी आली. शहरातल्याच एका माणसाने पावणेबाराला येऊन रक्त दिलं. बाई वाचली, बाळही वाचलं. टेक्निशियनने मागणी भागल्याची नोंद केली. पण भागलेल्या मागण्या काढणारी ओळ बंद होती आणि फोन लावणारी चालू होती. बारा वाजले. साडेबारा. एक. दर अर्ध्या तासाला फोन थोडा अजून दूर जात होता. काहींनी उचलला नाही, काहींनी दोन दाबलं.

दीड वाजता आंजीची पाळी आली.

एक बत्तीसला चंदनने एक दाबलं. पावणेदोनला तो घरातून बाहेर पडला. दोन पाचला ती ट्रॉली.

सकाळी बातमी कळली तसा धनंजय सगळ्यांच्या आधी पेढीत पोचला. त्याने हॅश काढला. मग रात्रीच्या फोनांची नोंदवही उघडली, कॉम्प्युटरमधली. बारा, साडेबारा, एकच्या ओळी पुसल्या. चंदनच्या ओळीत १:३० लिहिलेलं होतं, तिथे ११:०० केलं. बस. अकराला मागणी खरी होती, त्यामुळे मशीन चुकलं नव्हतं आणि मशीनवालाही चुकला नव्हता. चंदनचा मोबाईल अपघातात चुरा झालेला, त्यात पाहायला काही उरलं नव्हतं. कागदावर एवढंच राहिलं की अकराला बोलावलेल्या पोराने उत्तर द्यायला अडीच तास लावले.

"हे तुझ्या तेव्हा लक्षात आलं नसंल," अण्णाजी त्याला म्हणाले होते.

"नव्हतं आलं," धनंजय म्हणाला. मग म्हणाला, "आलं होतं."

ऋग्वेद केव्हाचा उठून बसला होता. अण्णाजींनी तांब्यातलं पाणी घेतलं, आणि पुढे सांगू लागले.

चंदन गेल्यावर धनंजयने फोन लावणारी ती ओळ फाईलमधून कायमची काढून टाकली होती. तेव्हापासून रात्री दात्याला फोन करायचा तर टेक्निशियनने स्वतः बटण दाबायचं. आपोआप काही नाही. वर्षभर ते नीट चाललं.

आंजीहून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, त्याने नेहमीसारखी रात्रीची नोंद उघडली. रात्री एकही मागणी नव्हती. एकही फोन झालेला नसायला हवा होता. नोंदीत दोन ओळी होत्या.

१:३० फोन, चंदन उरकुडे, ओ निगेटिव्ह.
१:३२ उत्तर, १.

त्याला वाटलं, कोणीतरी आपली लबाडी ओळखून चेष्टा करतंय. पण ती मशीन उघडायचा पासवर्ड त्याच्याशिवाय कोणाकडे नव्हता. त्याने आपल्या मोबाईलवरून चंदनचा नंबर लावला. नंबर अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. फाईल उघडली. फोन लावणारी ओळ तिथे नव्हतीच. त्याने नोंदीतल्या त्या दोन ओळी पुसल्या.

जाताजाता रात्रपाळीची टेक्निशियन मोहिनी त्याला म्हणाली, "सर, रात्री बेल वाजली होती. सव्वादोन झाले असतीन. दार उघडलं तर कोणी नव्हतं."

बुधवारी सकाळी पुन्हा त्याच दोन ओळी. तीच वेळ. आणि बेल पुन्हा वाजली होती, मोहिनी म्हणाली.

बुधवारी रात्री धनंजय घरी गेला नाही. एकोणतीस जानेवारी. अमावास्या होती, पण ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. मोहिनीला त्याने सांगितलं, मशीनचं काम आहे, मी आत बसतो. त्याची खोली वरच्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला मोहिनीची प्रयोगशाळा आणि तिच्या दाराशी दात्यांना बसायचा बाक.

एक वाजला. त्याने फाईल पुन्हा पाहिली. ओळ नव्हती.

सव्वा वाजता त्याने मशीनची नेटवर्कची वायर काढून टाकली. आता आत काही येणार नव्हतं आणि बाहेर काही जाणार नव्हतं.

एक एकोणतीस.

एक तीस.

१:३० फोन, चंदन उरकुडे, ओ निगेटिव्ह.

वायर त्याच्या हातात होती.

त्याने पडद्यावरून नजर हलवली नाही. एक मिनिट. दोन.

१:३२ उत्तर, १.

मग काहीच झालं नाही. पावणेदोन झाले. धनंजयच्या डोळ्यांपुढे आंजीचं ते घर आलं, चहा नको म्हणणारा पोरगा आला. दोन वाजले. दोन पाच झाले. त्याने डोळे मिटून घेतले... उघडले तेव्हा दोन सहा झाले होते.

सव्वादोनला टेबलावरचा आतला फोन वाजला.

"सर, तुम्ही डोनर बोलावला का?" मोहिनीचा आवाज नेहमीसारखा होता.

"...नाही. का?"

"एक जण बाहेर बाकावर बसून राह्यला. आंजीहून आलो म्हणते. पेशंट कोणता आहे, विचारून राह्यला. आपल्याकडे तर आज मागणीच नाही."

धनंजयने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"सर?"

"कसा... कसा आहे तो?"

"कसा म्हणजे? गारठला आहे बिचारा. तुम्ही बघा जरा, मी खालून चहा घेऊन येते."

फोन ठेवल्याचा आवाज. मग जिन्यावरून उतरणाऱ्या चपला. मग तेही नाही.

तो उठला. त्याला पळून जाता आलं असतं, पण जिना व्हरांड्याच्या त्याच टोकाला होता. तो चालू लागला. अर्ध्या व्हरांड्यातच त्याची मान खाली गेली, आणि ती वर करायचं त्याला होईना. भीती होतीच. "पण मान भीतीनं नाही गेली, अण्णाजी," तो म्हणाला होता. "मला त्याच्या तोंडाकडे पाहवणार नव्हतं."

बाक दिसला. बाकाचे पाय. त्यापुढे दोन बूट, धुळीने भरलेले. पँटला गुडघ्यापर्यंत कापूस चिकटला होता. मांडीवर ठेवलेले दोन हात. जर्किनच्या बाह्यांनाही कापूस.

धनंजय थांबला.

"सर..."

साधा आवाज. दमलेला.

"लेट झाला का मले?"

...

"फोन आला तसाच निघालो."

धनंजयची नजर बाह्यांवरच्या कापसावर होती.

"पेशंट... आहे ना अजून?"

वरची ट्यूबलाईट बारीक घुंघुं करत होती. धनंजयला वाटलं, नुसतं हो म्हणावं. हो म्हटलं की तो आत जाईल. मग काय होईल ते होईल. त्याने तोंड उघडलं.

"तुला उशीर नाही झाला," तो म्हणाला.

हात तसेच मांडीवर होते.

"फोन तुला दीडलाच आला. अकराला नाही. अकराचं मी लिहिलं. मागाहून."

...

"पेशंटला पावणेबारालाच रक्त मिळालं होतं. तुला बोलवायची गरजच नव्हती. मी एक ओळ बंद ठेवली होती... दुपारी. रात्री आठवलं मला. नऊला. मी उठलो नाही."

बोलून झालं. आणखी सांगायला काही नव्हतं. किती वेळ गेला ते धनंजयला सांगता आलं नाही. तो फक्त त्या हातांकडे पाहत राहिला. उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांवरून सावकाश फिरत होता, थंडीत हात चोळावेत तसा.

मग आवाज आला. अगदी हळू.

"आईले सांगतलं?"

...

"नाही."

...

जिन्यावर चपला वाजल्या. मोहिनी दोन कप घेऊन वर आली. धनंजयने मान वर केली.

बाक रिकामा होता.

"गेला का, सर?" मोहिनीने विचारलं. ती नुकतीच जिन्याने वर आली होती, आणि दुसरा जिना नव्हता. हे तिच्याही लक्षात आलं असावं. तिने दोन्ही कप बाकावर ठेवले आणि ती प्रयोगशाळेत जाऊन दिवे लावत बसली, होते नव्हते तेवढे सगळे. चहा कोणीच प्यायलं नाही.

साडेपाचला धनंजय आंजीला निघाला. पोचला तेव्हा देवकाबाई अंगण झाडत होत्या. त्याला पाहून त्यांनी झाडू बाजूला ठेवला.

"इतक्या सकाळी? बस ना."

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. दुपारचा हॅश, रात्रीचं आठवणं, सकाळी बदललेली वेळ. सोमवारी रेंजचं खोटं बोललो तेही सांगितलं. रात्री व्हरांड्यात काय झालं, ते मात्र सांगितलं नाही. ते सांगून आपण दयेला पात्र होऊ, असं त्याला वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

देवकाबाईंनी चार्जिंगच्या त्या खिळ्याकडे पाहिलं.

"म्हंजे एकदाच वाजला," मग त्या म्हणाल्या.

"हो."

"मी आइकला तोच."

"हो, काकू."

"न तो लगेच निघाला."

"पंधरा मिनिटांत."

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मग कुंपणाजवळ जाऊन हाक मारली, "भैयाजी, जरा इकडं या." बाजूच्या घरातून त्यांचे थोरले दीर आले, सत्तरीचे, गळ्यात मफलर. देवकाबाई धनंजयला म्हणाल्या, "आता हे यायच्यासमोर सांग. सगळं सांग."

त्याने सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा निदान त्याने स्वतः ठरवलं होतं. भैयाजी ऐकत ओट्यावर बसले. ऐकून झाल्यावर त्यांनी मफलर सोडला, हातात घेतला आणि खाली पाहत राहिले.

"मी त्याले आळशी म्हटलं, देवका," ते म्हणाले. "दहा लोकायसमोर म्हटलं."

तोवर रस्त्याने दूध घालायला निघालेली दोन माणसं थांबली होती. शेजारच्या बाया आल्या होत्या. देवकाबाई त्यांच्याकडे वळल्या आणि धनंजयला म्हणाल्या, "यायलेबी सांग."

तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला. कोणी त्याला शिवी दिली नाही. हात उचलला नाही. कोणी उचलला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

"कागदावरचं नीट कर," देवकाबाई म्हणाल्या.

"आजच करतो."

"मंग जाय आता. न परत येजो नको."

त्या वळून अंगण झाडू लागल्या. तो फाटकापर्यंत गेला तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. धनंजयने चंदनच्या ओळीत पुन्हा १:३० लिहिलं, पुसलेल्या ओळी बॅकअपच्या जुन्या प्रतीतून काढून जागच्या जागी ठेवल्या. दोन पानं भरून स्वतःच्या हाताने लिहून दिलं. त्याची नोकरी गेली. पोलिसांनी पुन्हा जबाब घेतला, त्याचं प्रकरण अजून चालू आहे. पेढीचे डॉक्टर स्वतः आंजीला गेले आणि ग्रामपंचायतीसमोर नवा कागद वाचून आले. धनंजय वर्धा सोडून गेला. नोंदीत त्या दोन ओळी त्यानंतर कधी आल्या नाहीत.

पण एक राहिलं.

त्या सकाळी तो आंजीहून थेट पेढीत आला तेव्हा आठ वाजत होते. पाळी बदलायची वेळ. पाळी बदलताना फ्रिजमधल्या पिशव्या मोजून द्यायच्या असतात. मोहिनी फ्रिजचं दार उघडून उभी होती, सकाळपाळीची टेक्निशियन चारुता वही घेऊन. डॉक्टर त्यांच्या मागे उभे होते.

वहीत ओ निगेटिव्हच्या पुढे शून्य होतं. त्या खणात एक पिशवी होती.

पूर्ण भरलेली. नळीला नीट गाठ मारलेली. तिच्यावर नंबराचं स्टिकर नव्हतं, तारीख नव्हती, नाव नव्हतं. त्यांनी वही तीनदा पडताळली. रात्रभरात कोणाचं रक्त घेतलेलंच नव्हतं. रिकाम्या पिशव्यांचा साठा मोजला, तोही बरोबर होता.

"नंबर नाही, तर कोणाला देता येणार नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले. "नियमाप्रमाणे नष्ट करावी लागेल."

मोहिनीने पिशवी दोन्ही हातांत धरली होती. तिने धनंजयकडे पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "हात लावून पाहा."

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग लावला.

फ्रिजवरचे आकडे चार अंश दाखवत होते. इतर खणांतल्या पिशव्या बर्फासारख्या गार होत्या.

ही कोमट होती.